चाळीस मिनिटांचं बोलणं

रेकॉर्डिंग मी तीनदा पाहिलं. पहिल्यांदा चहा पीत, सहज. दुसऱ्यांदा चहा बाजूला ठेवून. तिसऱ्यांदा पुढेमागे सरकवत, मध्येच थांबवत. किल्ली हरवली की दोनदा बघून झालेला खण आपण पुन्हा उपसतो, तसं. मी त्यात नव्हते. मंगळवारच्या बैठकीत मी सलग चाळीस मिनिटं बोलले होते, अकरा माणसं गप्प बसून बघत होती, शेवटी बांधकाम कंपनीच्या इंजिनियरने दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, आणि या सगळ्याचं जे चित्रण जपून ठेवलं गेलं त्यात मी नव्हते. पडद्यावर रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्याचा नकाशा होता, नकाशावर मी कापलेलं कागदी स्ट्रेचर होतं, ते सरकवणारी माझी दोन बोटं होती, आणि उजव्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत पहिल्या मिनिटापासून चाळिसाव्यापर्यंत माझी धाकटी बहीण होती. केस नीट विंचरलेले, मागे पुस्तकांचं कपाट, ओठ हलताहेत. ती दोन बोटं सोडली तर मी त्या दिवशी रजेवर असते तरी चित्रणात काही फरक पडला नसता.

हे कसं झालं ते कळायला मला वेळ लागला नाही. मी जन्मापासून बहिरी आहे. कागदोपत्री मी कर्णबधिर आहे, सभासमारंभात मी आणखी काहीतरी लांबलचक असते, पण मला बहिरी हाच शब्द आवडतो; आखूड आहे आणि कुणाची माफी मागत नाही. मी हातांनी बोलते. धाकटी दुभाषी आहे, तोच तिचा पेशा; कोर्टात, दवाखान्यांत, शाळांत जाते. आमच्या बैठकांना ती तिच्या घरून येते, पडद्यावर माझे हात बघते, मी म्हणते ते तोंडाने सगळ्यांना सांगते आणि बाकीचे म्हणतात ते हातांनी मला. बैठकीच्या सॉफ्टवेअरला हातांतलं काही कळत नाही. ज्याच्याकडून आवाज आला तो बोलला, एवढीच त्याची अक्कल. त्याच्याभोवती ते पिवळी कड ओढतं, त्याला पुढे आणतं, इतरांना मागे ढकलतं आणि खाली त्याचं वाक्य त्याच्या नावापुढे टाइप करून ठेवतं. त्यामुळे माझ्या प्रत्येक वाक्यापुढे धाकटीचं नाव. त्यातून दुभाष्यांचा एक नेम असतो आणि धाकटी तो व्रतासारखा पाळते. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं, ‘त्या म्हणताहेत की’ असं शेपूट लावायचं नाही. मी म्हटलं, मी हा कागद कापला, की तीही म्हणणार, मी हा कागद कापला. बैठकीच्या सुरुवातीला चष्मेसाहेबांनी ओळख करून दिली होती, तपासनीस या आणि दुभाषी या, अगदी हात करून. पण रेकॉर्डिंगचं बटण त्यांना आठवलं ते ओळख संपल्यावर. दोष द्यावा असं कुणीच नव्हतं, आणि त्यामुळे मला जास्त राग आला.

चष्मेसाहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. आमच्या भाषेत एकेक अक्षर जुळवत नाव लिहीत बसायला कुणाला वेळ नसतो, म्हणून ज्याची जी खोड तीच त्याची खूण. त्यांचा चष्मा बोलता बोलता नाकावरून घसरतो आणि ते तो मधल्या बोटाने वर ढकलतात. ती खूण मी अकरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या तिसऱ्या दिवशी पाडली आणि आता अर्ध्या ऑफिसात तीच चालते. त्यांना पंधरा-वीस खुणा येतात, त्यातल्या चार चुकीच्या. ‘शाबास’ म्हणायचं असतं तेव्हा ते मला ‘गरम आहे’ म्हणतात. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते आणि इमारतींचे नकाशे तपासणारा आमचा विभाग माझ्याकडे यावा अशी त्यांची शिफारस होती. वरिष्ठांपुढे लांबलचक गुणगान लिहिण्यापेक्षा त्यांनी मंगळवारचं रेकॉर्डिंगच मुख्यालयात पाठवून दिलं होतं. यांना एकदा बोलताना बघा, असं वर दोन ओळींत लिहून. म्हणजे मी ते तीनदा पाहत बसले होते तेव्हा मुख्यालयातल्या संचालक बाईंनीही ते पाहिलेलं असणार, आणि त्यांना जे दिसलं ते मला दिसत होतं.

मला तो विभाग हवा होता. आढेवेढे घेत नाही, हवाच होता. घरून काम सुरू झालं त्या काळात माझ्यातलं हे हवेपण जागं झालं. त्याआधी ऑफिसातल्या बैठका म्हणजे पाठी, कानशिलं, चहाच्या कपाआड गेलेली तोंडं. मी कोपऱ्यात बसून कागदावर आलेला निर्णय वाचायची. भिंतींनाही कान असतात म्हणे. त्या बैठकांत भिंतींना माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. मग एके दिवशी सगळे आपापल्या घरी गेले आणि माझ्या पडद्यावर अकरा चेहरे आले. समोरून, उजेडात, ओळीने. सहकाऱ्यांचे ओठ मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिले. कोण बोलताना खालचा ओठ चावतो, कोण वाक्य संपवायच्या आत डोळे वळवतो, कुणाचं हसू तोंडापर्यंत येऊन परत जातं, हे मला आठ दिवसांत कळलं. त्यांना एकमेकांबद्दल दहा वर्षांत कळलं नव्हतं. त्यांना त्या चौकटी तुरुंगासारख्या वाटायच्या, डोळे दुखायचे, डोकी दुखायची. मी मात्र कॅमेऱ्यासमोर बसले की मला वाटायचं, चला, आज कुठे ही माणसं माणसांसारखी बसली. नंतर निम्मी मंडळी ऑफिसला परतली, लांब टेबलाभोवती सहाजण आणि भिंतीवरचा एकच कॅमेरा असा प्रकार सुरू झाला. त्यात माणसं वाटाण्याएवढी दिसतात आणि ओठ तर दिसतच नाहीत. पण एकदा गोडी लागली होती. मी मागण्या करायला लागले. धाकटीला बैठकांना कायमचं घ्या म्हटलं, घेतलं. नकाशे आधी पाठवा म्हटलं, पाठवले. आणि मग ते रुग्णालय आलं.

त्या रुग्णालयाच्या नकाशांवर चार जणांच्या सह्या होऊन ते माझ्याकडे शेवटच्या नजरेसाठी आले होते. माझी पद्धत जुनी आहे, तरुण पोरं हसतात. मी खाटेच्या, चाकाच्या खुर्चीच्या, स्ट्रेचरच्या मापाचे कागद कापते आणि छापलेल्या नकाशावरून बोटाने फिरवते. संगणकावर हेच करता येतं, पण बोटाखाली कागद अडला की तो अडल्याचं मनगटापर्यंत कळतं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडून शस्त्रक्रियेच्या खोलीकडे वळायच्या जागी आग अडवणारा जाड दरवाजा होता. नकाशात दार बंद दाखवतात. बंद दारापाशी कोपरा मोकळाच दिसतो. मी दार उघडं धरलं आणि स्ट्रेचर वळवून पाहिलं, कसंबसं वळलं. मग मी एक गोल कागद कापला, ती नर्स. सलाईनचा स्टँड धरून ती उशाशी चालणारच. नर्ससकट स्ट्रेचर वळेना. दार लोटावं तर नर्सचा हात सुटतो, नर्सला मागे ठेवावं तर नळी ताणते. मी अर्धा तास फिरवत राहिले. चौघांना हे दिसलं नाही याचं मला नवल वाटलं नाही. ऐकणारी माणसं कोपऱ्यावर बेफिकीर असतात. पलीकडून कुणी येत असलं तर चाहूल लागेल असा त्यांना भरवसा असतो. मला चाहूल लागत नाही. प्रत्येक कोपऱ्यावर मी आयुष्यभर डोळ्यांनी वळत आले आहे, आणि म्हणून तो कोपरा मला सापडला. हे सगळं मी त्या चाळीस मिनिटांत दाखवलं. बोलायचं तेव्हा हात वर, दाखवायचं तेव्हा हात खाली; दोन्ही एकदम होत नाही, त्यामुळे मी कधी नव्हे ती सावकाश बोलले, आणि लोकांना ते फारच रुबाबदार वाटलं म्हणे.

सोमवारी चष्मेसाहेब माझ्या टेबलाशी आले, ‘गरम आहे, गरम आहे’ करत, आणि फोनवर आलेलं संचालक बाईंचं पत्र माझ्यापुढे धरलं. सादरीकरण उत्तम. बोलणं अत्यंत स्पष्ट, आवाजात ठामपणा. विभाग या बाईंकडे द्यायला माझी हरकत नाही, शुक्रवारी त्यांच्याशी थेट बोलते. मी ‘आवाजात ठामपणा’वर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांना आधी काहीच कळेना. मग मी रेकॉर्डिंग लावून दिलं, आणि त्यांचा चष्मा इतका घसरला की तो हातातच धरावा लागला. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मुख्यालयाला खुलासा लिहिला, स्वतःच्या बटणाचा गुन्हा कबूल केला. संध्याकाळी उत्तर आलं ते पहिल्या पत्राच्या निम्मं होतं. तसं असेल तर फेरविचार करावा लागेल, शुक्रवारी दोघींनाही बोलवा. पहिल्या पत्रातलं ‘हरकत नाही’ दुसऱ्यात नव्हतं. ज्या बोलण्यासाठी विभाग द्यायला त्या तयार होत्या ते बोलणं तेच होतं, एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. फक्त ते कुणाच्या अंगातून आलं हे कळल्यावर त्याची किंमत बदलली होती. चष्मेसाहेबांनी कागद ओढून त्यावर लिहिलं की शुक्रवारी तुम्ही तुमचा माइक सुरू ठेवा. बोलायला लागलात की टेबलावर टकटक करा, किंवा घशातून काहीतरी आवाज काढा, काहीही चालेल. सॉफ्टवेअर तुम्हाला पुढे आणेल. माणूस भला, युक्तीही बरोबर. मी त्याखाली ‘नाही’ लिहिलं आणि कागद परत केला.

आवाज मला आहे. लोकांना वाटतं नसेल, पण आहे, आणि त्यावर जेवढे कष्ट झाले तेवढे एखाद्या गवयाच्या गळ्यावर झाले नसतील. शाळेत बाई माझा हात धरून स्वतःच्या घशावर ठेवायच्या, मग माझ्या घशावर; तिथे जशी थरथर आहे तशी इथे आण. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायच्या. ‘प’ म्हटलं की पट्टी उडायला हवी, ‘ब’ म्हटलं की नको. घरी आल्यावर संध्याकाळी बाबा. ते आरशासमोर मला बसवायचे, मागे उभे राहायचे, आणि मी ‘पाणी’ नीट म्हणेपर्यंत पाण्याचा पेला त्यांच्या हातात राहायचा. दुष्टपणा नव्हता त्यात. मी म्हटलं की पेल्याआधी त्यांचे डोळे भरायचे. दहा वर्षं हे चाललं. आईने तोवर गुपचूप शेजारच्या गल्लीतल्या बहिऱ्या शिंप्याकडून हातांची भाषा शिकून घेतली होती आणि स्वयंपाकघरात आमच्या गप्पा चालायच्या, पोळ्या करपायच्या. एकोणिसाव्या वर्षी मी बँकेत गेले आणि खिडकीपलीकडच्या माणसाकडे स्वतःच्या आवाजात एक फॉर्म मागितला. त्याने माझ्या मागे पाहिलं, कुणाचा आवाज म्हणून. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. एक लहान मूल आईच्या पायांआड गेलं. मला फॉर्म मिळाला, तो मी नीट भरला, घरी आले आणि ठरवलं की आता पुरे. बाबा महिनाभर माझ्याकडे बघेनात. त्यांना वाटलं मी त्यांची दहा वर्षं फेकून दिली. मला वाटलं मी माझी पुढची पन्नास वाचवली. अजूनही तसंच वाटतं. तेव्हा मुख्यालयातल्या बाईंनी माझ्याकडे पाहावं म्हणून टेबल बडवायचं, घशातून ओरडायचं, हे माझ्याकडून होणारं नव्हतं. मी जे बोलते ते पूर्ण बोलणं आहे. त्याला घंटी लागत नाही.

बुधवारी संध्याकाळी धाकटी घरी आली. तिच्याकडे किल्ली असते. आत आली की दाराजवळचा दिवा दोनदा उघडमीट करते, म्हणजे मी दचकत नाही. मी तिला काही न सांगता पत्र दाखवलं, पहिलंच. ती वाचत असताना मी तिचा चेहरा बघत होते. दुसऱ्या ओळीवर ती हसली, ‘काय हा घोळ’ असं. पण त्याच्याआधी, हसण्याच्या अगदी आधी, तिचा चेहरा उजळला. निमिषभर. ऐकणाऱ्या माणसाला ते दिसलं नसतं, तिला स्वतःलाही कळलं नसेल. मला दिसलं. मग मला रेकॉर्डिंगमधला तिचा चेहरा आठवला. पस्तिसाव्या मिनिटाला, ‘हा कोपरा मी शोधला’ म्हणताना, हनुवटी किंचित वर. तिने हनुवटी उचलली कारण मी उचलली होती. दुभाषी तसंच करतात. तरी ती हनुवटी तिला शोभत होती. सगळे म्हणतात तिचा आवाज फार छान आहे. मला त्याचा अभिमान आहे, घरात कुणाला बक्षीस मिळाल्यावर असतो तसा, मी ते बक्षीस कधी पाहिलेलं नसलं तरी. पण त्या क्षणी मला तिचा राग आला. माझं बोलणं अंगावर घालून ती मोठ्या लोकांत जाऊन आली होती आणि ते तिला माझ्यापेक्षा छान बसलं होतं.

आमच्यातलं हे देणंघेणं आजचं नाही. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण पाच-सहा वर्षांची असल्यापासून दुकानात, दवाखान्यात, नातेवाइकांत माझं तोंड तीच. लोक माझ्याबद्दलचं सगळं तिला विचारायचे, तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, खाऊ तिला द्यायचे, आणि ती इमानदारीत अर्धा माझ्या हातावर ठेवायची. एकदा आत्या आली होती. माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाली. मी धाकटीला विचारलं, काय म्हणते? ती म्हणाली, आत्या म्हणते तुझा फ्रॉक छान आहे. मी त्या दिवशी शाळेच्या गणवेशात होते. आणि आत्याच्या ओठांवरचं ‘बिचारी’ मला केव्हाच कळलं होतं. तो शब्द ओठांवर ओळखायला फार सोपा आहे, शाळेत पहिल्यांदा तोच शिकतो आम्ही. सहा वर्षांच्या पोरीने तो माझ्यापर्यंत पोचू दिला नाही. मी तिला कधी सांगितलं नाही की मला कळलं होतं. तिला जे द्यायचं होतं ते मी घेतलं. नंतर ती शिकली, परीक्षा दिल्या, व्यवसायाचे नियम आले, शब्दाला शब्द द्यायला लागली. पण माझ्या बाबतीत कुठेतरी ती अजून फ्रॉक शिवत असेल अशी मला शंका होतीच.

मी तिला सरळ विचारलं, आवडलं ना तुला ते पत्र. ती आधी नाही म्हणाली. मग बसली, चप्पलही न काढता, आणि तिने हात मांडीवर ठेवले. आमच्यात हात मांडीवर ठेवणं म्हणजे तोंड बंद करणं.

“ती चाळीस मिनिटं मी तू होते,” ती म्हणाली. “मला आवडलं, ताई. काय करू?”

माझा राग जागच्या जागी बसला, कारण यापेक्षा मोठी दाद मला आजवर कुणी दिली नव्हती. तिला कोर्टात न्यायाधीशांचं ‘मी’ म्हणावं लागतं, दवाखान्यात डॉक्टरांचं. रोज दहा जणांची ती ‘मी’ होते आणि संध्याकाळी हात धुऊन घरी जाते. त्यातलं माझं एक तिला उतरवून ठेवावंसं वाटलं नाही. मला एकदम फार अभिमान वाटला, माझा आणि तिचा. कुठला कुणाचा ते वेगळं काढता आलं नसतं. पण विभाग मात्र मला हवा होता, माझ्या नावाने, माझा चेहरा बघून दिलेला. अभिमान आपल्या जागी आणि हे आपल्या जागी.

मग मी तिला दुसरं पत्र दाखवलं आणि माझा बेत सांगितला. शुक्रवारी ती तिच्या घरून बैठकीत येणार नाही. ती इथे येईल. माझ्या टेबलापलीकडे, लॅपटॉपच्या मागे, बुटक्या स्टुलावर बसेल; मला तिचे हात दिसतील, कॅमेऱ्याला ती दिसणार नाही. तिचा आवाज माझ्या माइकमधून जाईल. सॉफ्टवेअरला वाटेल की मी बोलले, आणि एकदा तरी त्याला खरं तेच वाटेल. तिने ऐकून घेतलं. तिला हे कळायला सोपं होतं आणि पचायला नव्हतं, तेही मी पाहिलं. आयुष्यभर तिला सगळ्यांनी आधी पाहिलं होतं, मग मला. ‘दिसू नकोस’ असं तिला पहिल्यांदाच कुणी सांगत होतं, आणि सांगणारी मी. तिने टेबलापलीकडे जाऊन स्टूल ठेवून पाहिलं, बसून पाहिलं, मग एकच गोष्ट विचारली.

“आणि बाई काही वेडंवाकडं बोलल्या तर?”

“तसंच्या तसं सांगायचं.”

“सगळं?”

“सगळं. फ्रॉक नको.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. पंचवीस वर्षांपूर्वीचा तो फ्रॉक मला माहीत होता हे तिला त्या क्षणी कळलं. मी तिला जेवायला वाढलं, आम्ही त्यावर पुन्हा काही बोललो नाही.

शुक्रवारी अकराला बाई पडद्यावर आल्या तेव्हा कुठल्यातरी प्रशस्त खोलीत होत्या. मागे उंच खिडकी, त्यामुळे चेहऱ्यावर सावली. आखूड पांढरे केस, हातात कागद. चष्मेसाहेब त्यांच्या चौकटीत टाय लावून बसले होते, जणू मुलाखत त्यांचीच आहे. मी गडद निळा कुर्ता घातला होता, हात उठून दिसावेत म्हणून, आणि मला भीती वाटत होती. तळहात ओले. ओल्या हातांनी खुणा घसरत नाहीत, तरी मी ते दोनदा पुसले. लॅपटॉपच्या वर मला फक्त धाकटीचे खांदे, तोंड आणि हात दिसत होते. सुरुवातीची नमस्काराची वाक्यं झाली. मी बोलले तेव्हा माझ्याभोवती पिवळी कड आली, आणि खरं सांगायचं तर ती बघायला मला वेळ नव्हता, कारण बाईंची नजर शोधत होती. त्यांनी चौकटी मोजल्या असाव्यात. तीन होत्या. मंगळवारचा चेहरा त्यांत नव्हता. आवाज तोच, माणूस दुसरं. क्षणभर त्या गोंधळल्या आणि गोंधळलेली माणसं करतात तेच त्यांनी केलं, ओळखीच्या माणसाकडे वळल्या. कागदात बघत, चष्मेसाहेबांना उद्देशून त्या बोलू लागल्या.

धाकटीचे हात वर आले. मी तिचा चेहरा पाहिला. तो कोरा होता, पाटी पुसून ठेवल्यासारखा. तिने सांगितलं, तसंच्या तसं. काम चांगलं आहे, नजर चांगली आहे, ते मी मान्यच करते. पण विभाग म्हणजे अकरा माणसं. माणसं बोलतात, वाद घालतात, जाता-येता चार गोष्टी ठरतात. यांच्या कानावर त्यातलं काय पडणार? मला त्यांची दया येते असं नाही, पण विभाग दयेवर चालत नाही. ‘दया’ ही खूण करताना तिचा हात थांबला नाही. मग शेवटचं वाक्य आलं. त्यांना विचारा, त्या हे कसं सांभाळणार आहेत.

‘त्यांना’. तिने ती खूण खोलीच्या एका रिकाम्या कोपऱ्याकडे बोट करून केली, कारण बाईंनी ती तशीच, दूर कुठेतरी फेकली होती. मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे माझी छत्री होती. आजवरची सगळी दुकानं, सगळे दवाखाने, बँकेची ती खिडकी, आत्या, त्या सगळ्यांनी मला तिथेच उभं केलं होतं. माझ्याविषयी बोलणं व्हायचं आणि मी पलीकडे. चष्मेसाहेब काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडत होते. मी त्यांच्या आधी हात वर केले.

“मला विचारा,” मी म्हणाले.

स्टुलावरून धाकटी म्हणाली. तिचे ओठ मला दिसले. तिची हनुवटी उचललेली होती, आणि मला माहीत होतं की माझीही आहे. पडद्यावर बाई दचकून वर पाहू लागल्या. बघायला दुसरं कुणी नव्हतं, त्यांच्यापुढे माझाच चेहरा होता. त्यांनी कागद खाली ठेवला. खुर्ची थोडी पुढे घेतली, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला आणि ओठ स्पष्ट झाले. मग त्यांनी विचारलं, मला, आणि ते मला धाकटीच्या हातांवरून कळायच्या आधी त्यांच्या ओठांवरून कळलं. तुम्ही हे कसं सांभाळाल?

मी सांगितलं की माझ्या बैठकीत एका वेळी एकच माणूस बोलेल. समोर बघून बोलेल, आणि दुसऱ्याचं संपल्यावर बोलेल. ऑफिसात बसलेलाही स्वतःच्या पडद्यावरून येईल, म्हणजे प्रत्येकाचं तोंड प्रत्येकाला दिसेल. जाता-येता ठरलेलं काहीही कागदावर आल्याशिवाय ठरलं असं मी धरणार नाही. या शिस्तीचा त्यांना त्रास होईल, महिनाभर कुरकुरतील, मग सवय होईल. आणि कानावर पडण्याचं म्हणाल, तर तिसऱ्या मजल्याचा तो कोपरा चार ऐकणाऱ्या माणसांनी एकमेकांशी बोलत बोलत मंजूर केला होता.

धाकटीचे हात हवेत थांबले होते, सांगण्यासारखं काही येण्याची वाट बघत. चष्मेसाहेबांनी कॅमेऱ्यासमोरच, कुणाला दिसतंय याची पर्वा न करता, मला ‘गरम आहे’ केलं. मग बाईंच्या तोंडाचा एक कोपरा हलला. त्या चष्मेसाहेबांकडे वळून म्हणाल्या, एक तारखेपासून यांच्या नावाने, आणि तिथेच थांबल्या. वाक्य अर्धं टाकून माझ्याकडे वळल्या.

“एक तारखेपासून तुमच्या नावाने पत्र काढते,” त्या म्हणाल्या.

पडदा बंद झाल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि मला धाकटी पूर्ण दिसली. गुडघे छातीशी घेऊन त्या बुटक्या स्टुलावर बसली होती, घामाघूम, डोळे लाल. तिने काही म्हणायच्या आत मीच विचारलं. एवढ्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. विचारून काय कळणार म्हणून.

“‘मला विचारा’ हे तू कसं म्हणालीस?”

तिने मनगटाने घाम पुसला. मग तिने हात वर केले.

“तू म्हणालीस तसं.”